सतरा मार्चचा ड्राय डे

मार्च लागला की आमच्या ऑफिसात एक मेल फिरायला लागते. विषय दरवर्षी तोच: यंदा सेंट पॅट्रिक्स डेला कुठे बसायचं? 'बसायचं' या क्रियापदाचा जो अर्थ मराठीत आहे तोच इथेही. फक्त डब्लिनमधे त्या दिवशी कुठेच जागा मिळत नसल्यामुळे उभ्यानेच बसावं लागतं. मग उत्तरांवर उत्तरं. टेंपल बारचं नावसुद्धा काढू नका, तिथे नुसते टुरिस्ट आणि भाव अव्वाच्या सव्वा, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याला परेड संपल्यासंपल्या लिफी नदी ओलांडून पलीकडे जायचंय. तिसऱ्याचं गिनेसवरून मन उडालंय, त्याला छोट्या ब्रुअरीची बिअर हवी आहे. गेल्या वर्षी तर एकाने चक्क तक्ता केला होता, कुठे किती वाजता पोचायचं आणि दोन पाइंटच्या मधे काय खायचं याचा. त्या तक्त्यात माझ्या नावापुढे 'कोक, लिंबू घालून' असं लिहिलेलं असतं. आई, तू हे वाचत असशीलच म्हणून आधीच सांगून ठेवलं. :-)

तर यंदाचा तक्ता मी आमच्या शेजारच्या आजींना वाचून दाखवला. आजी पंच्याऐंशीच्या आहेत, एकट्या राहतात, जन्मापासून डब्लिनमधे. मी अधूनमधून त्यांच्याकडे चहाला जाते. (इथला चहा दणकट असतो, आपल्यासारखा. इतका फरक पडतो ना परक्या देशात!) तक्ता ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मी लहान असताना या दिवशी प्यायचं म्हणजे एकच जागा होती. कुत्र्यांचं प्रदर्शन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. इतकी वर्षं राहूनही डब्लिनचे उच्चार कधीकधी दगा देतात. पण नाही, त्या कुत्र्यांचं प्रदर्शनच म्हणाल्या होत्या. कारण त्या दिवशी पब बंद असायचे. कायद्याने. आयर्लंडमधे, सेंट पॅट्रिक्स डेला, पब बंद! अनंत चतुर्दशीला पुण्यात ढोलावर बंदी होती असं कुणी सांगावं, तसं झालं मला. घरी येऊन शोधायला बसले, आणि मग दोन रात्री त्यातच गेल्या.

आधी कायद्याचं सांगते. आयर्लंड ब्रिटिशांच्या ताब्यातून सुटून 'फ्री स्टेट' झालं १९२२ साली, आणि लगेच आपसातलं यादवी युद्ध सुरू झालं. ते संपल्यावर नव्या सरकारने घर आवरायला घेतलं. केव्हिन ओ'हिगिन्स हे न्यायखात्याचे मंत्री, तरुण आणि अतिशय कडक. लोकसंख्येच्या मानाने देशात पब फार झालेत आणि ते फार वेळ उघडे असतात, असं त्यांचं ठाम मत. १९२७ साली त्यांनी कायदा आणला आणि वर्षातले तीन दिवस कोरडे ठरले: नाताळ, गुड फ्रायडे आणि सेंट पॅट्रिक्स डे. शिवाय डब्लिन आणि कॉर्कमधे रोज दुपारी अडीच ते साडेतीन पब बंद. या तासाला लोकांनी 'होली अवर' असं नाव ठेवलं, आणि तो १९८८ पर्यंत टिकला, रविवारी तर त्याच्याही पुढे. ओ'हिगिन्स यांची त्याच वर्षी जुलैमधे, चर्चला चालत जात असताना गोळ्या घालून हत्या झाली. त्याचा बिअरशी काही संबंध नाही हो, ते यादवी युद्धातलं उट्टं होतं. पण त्यांचा कोरडा सतरा मार्च त्यांच्यानंतर तीन दशकांहून जास्त जगला.

पण एखाद्या नव्या देशाला आपल्याच राष्ट्रीय सणाला कुलूप का लावावंसं वाटावं? मला वाटतं याचं उत्तर एका व्यंगचित्रात आहे. १८६७ सालच्या सेंट पॅट्रिक्स डेला न्यूयॉर्कमधे पोलीस आणि मिरवणुकीतली माणसं यांच्यात मारामारी झाली. त्यावर 'हार्पर्स वीकली'मधे थॉमस नास्ट यांनी एक चित्र काढलं. (हेच ते नास्ट ज्यांच्यामुळे सांताक्लॉज आज दिसतो तसा दिसायला लागला.) चित्रातले आयरिश लोक माणसांसारखे नाहीत, माकडतोंडे आहेत, प्यायलेले आहेत आणि दंडुक्यांनी पोलिसांना बडवताहेत. आम्ही साजरा करतो तो दिवस, अशा अर्थाचा मथळा. असली चित्रं तेव्हा लंडनलाही छापून यायची. वीसएक वर्षांपूर्वी बटाट्यावर रोग पडून दुष्काळ झाला होता, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली होती, तितकीच देश सोडून गेली होती. गेली ती न्यूयॉर्क-बॉस्टनच्या खुराड्यांत राहत होती, मिळेल ते काम करत होती, आणि वर्षातून एक दिवस हिरवी फीत लावून रस्त्यावरून चालत होती. जग त्यांच्याकडे पाहून म्हणत होतं, बेवडे.

हा शिक्का पुसायची धडपड तेव्हापासूनची, किंबहुना त्याहूनही जुनी. फादर मॅथ्यू यांनी १८३८ पासून कॉर्कमधून दारू सोडण्याची चळवळ चालवली आणि लाखो लोकांकडून शपथ घेतली. १८९८ साली फादर जेम्स कलन यांनी 'पायोनिअर' संघटना सुरू केली. तिचे सदस्य कोटावर छोटीशी पिन लावतात, मी पीत नाही हे न बोलता सांगणारी. पुढे आयरिश भाषेसाठी झटणाऱ्या गेलिक लीगने, निदान या एका दिवशी तरी पब बंद ठेवा, म्हणून मोहीम केली. १९०३ साली लंडनच्या संसदेत जेम्स ओ'मारा या आयरिश खासदाराच्या प्रयत्नाने १७ मार्चला सरकारी सुट्टी मिळाली. आता सुट्टी म्हटली की कामगार जाणार कुठे? पबमधेच. म्हणजे सुट्टी हवी आणि ती शुद्धीत घालवलेलीही हवी, असा पेच होता. १९२७ चा कायदा हे त्याचं उत्तर. आम्ही तुमच्या चित्रांतले नाही, हे देशाने कायदा करून सांगितलं. मला यात थोडी कीव येते आणि थोडा आदरही वाटतो, दोन्ही एकदम.

बाकी बिअर या सणात मुळात नव्हतीच, असं म्हणणं मात्र खोटं होईल. पॅट्रिक स्वतः पाचव्या शतकातला, मूळचा आयरिश नव्हेच. रोमन ब्रिटनमधून सोळाव्या वर्षी पळवून आणलेला गुलाम. सहा वर्षं इथे गुरं राखली, पळाला, आणि पुढे धर्मगुरू होऊन ज्यांनी गुलाम केलं त्यांच्यातच परत आला. (सापांना हाकललं वगैरे नंतरच्या कथा. हिमयुगानंतर इथे साप पोचलेच नाहीत.) त्याचा दिवस येतो नेमका लेंटमधे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळात. श्रावणच म्हणा ना. आपण श्रावण लागायच्या आधी गटारी करून घेतो. यांनी सोय अशी केली की ऐन श्रावणात मधोमध एक दिवस मोकळा! त्या दिवशी मांस चालायचं, पेला चालायचा. दिवसभर कोटावर मिरवलेलं शॅमरॉकचं तीन पानांचं रोप रात्री शेवटच्या पेल्यात बुडवायचं, ही जुनी रीत. १६८१ साली थॉमस डाइनली नावाचा एक इंग्रज प्रवासी इथे आला होता. त्यानेही नोंदवून ठेवलंय की रात्र होईपर्यंत शुद्धीवर राहिलेले भक्त थोडेच सापडतात. तेव्हा ओ'हिगिन्स यांनी जे बंद केलं ते काही परदेशातून आलेलं नव्हतं.

परदेशातून आलं ते पुढचं. परेड मोठी झाली ती तिकडे. न्यूयॉर्कची परेड १७६२ पासून, म्हणजे अमेरिका देश व्हायच्याही आधीपासून, आणि ती काढली ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश शिपायांनी. शिकागोत १९६२ साली नदी हिरवी केली. नदीत घाण कोण सोडतं ते शोधायला प्लंबर लोक जो रंग वापरायचे, तोच शंभर पौंड ओतला. नदी आठवडाभर हिरवी राहिली म्हणतात. आता त्यापेक्षा बराच कमी घालतात.

आणि ती हिरवी बिअर! आमच्या ऑफिसच्या तक्त्यात तिला स्थान नाही, इथे तिचं नाव काढलं तर लोक नाक मुरडतात. ती ज्यांच्या नावावर सांगतात ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातले एक डॉक्टर, थॉमस कर्टिन. १९१४ सालच्या एका वर्तमानपत्री हकिकतीत त्यांनी क्लबातल्या पाहुण्यांना हिरवी बिअर पाजल्याचं आलंय. कशी केली? पिवळ्या बिअरमधे नीळ टाकून. हो, कपड्यांना घालतात ती नीळ! माझी आजी पांढऱ्या धोतरांना द्यायची तीच. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा, पहिलीच्या चित्रकलेतलं गणित. पोटाचं काय झालं कोण जाणे, पण डॉक्टर स्वतःच हजर होते म्हणा. आणखी गंमत म्हणजे सेंट पॅट्रिकचा जुना मानाचा रंग निळाच. १७८३ साली त्याच्या नावाने सरदारांची जी पदवी निघाली तिची फीत आकाशी होती. आणि पेल्यातली पिवळी लागर? ती अमेरिकेत रुजवली जर्मन लोकांनी. म्हणजे जर्मन बिअरमधे इंग्रजी धोब्याची नीळ घालून अमेरिकेत झालेला आयरिश सण. गिनेसमधे हा प्रयोग करता येत नाही, ती इतकी काळी असते की अख्खी डबी ओतली तरी दिसणार नाही. गिनेसवरून आठवलं, आर्थर गिनेस यांनी १७५९ च्या शेवटच्या दिवशी डब्लिनमधल्या जागेचा भाडेपट्टा केला तो नऊ हजार वर्षांचा, सालाना पंचेचाळीस पौंडांवर. गिरगावातल्या पागडीवाल्यांनाही हेवा वाटावा.

असो. कुत्र्यांकडे परत येते.

डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागात रॉयल डब्लिन सोसायटीचं मोठं मैदान आहे. तिथे सतरा मार्चला कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं आणि तिथल्या बारला त्या दिवशीही परवानगी असायची. त्यामुळे ज्यांनी जन्मात कुत्रं पाळलं नाही अशी माणसं तिकीट काढून प्रदर्शनाला लोटायची. एक किस्सा इथे अजून सांगतात. बारच्या गर्दीत एकाचा पाय कुत्र्यावर पडला, कुत्रं केकाटलं, तेव्हा तो पेला सावरत वैतागून म्हणाला, काय एकेक मूर्ख असतात, असल्या ठिकाणी कुत्रं आणतात! बिअरप्रेमींचे सतरा मार्चचे बेत तेव्हाही शिजायचेच तर. फक्त तक्त्यात एकच ओळ.

हा किस्सा मी आजींना सांगितला. त्यांना अर्थात माहीत होता. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते बड्या लोकांचं. माझे वडील गोदीत होते, ते कुठले तिकीट काढणार. ते घरी असायचे." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "वर्षातून तीन दिवस आम्हाला वडील मिळायचे. नाताळ, गुड फ्रायडे आणि पॅट्रिक. त्यातला गुड फ्रायडे उदास, आणि नाताळला पैशांवरून भांडण. पॅट्रिकचा दिवस सगळ्यात चांगला."

गावाकडून मावशी पेटीतून शॅमरॉक पाठवायची, ओल्या कापडात गुंडाळून. सकाळी सगळे मिळून चर्चला, वडिलांचे बूट पॉलिश केलेले. एक वाजता जेवण, बेकन आणि कोबी. दुपारी वडील बाजा वाजवायचे, तोंडाने वाजवतात तो. हे सांगताना आजी टेबलावरचा क्रम बोटाने दाखवत होत्या, वडील इथे, मी इथे, धाकटा भाऊ इथे.

१९६० साली कायदा बदलला. पर्यटक येतात, त्यांना बंद दारं दाखवायची का, हा प्रश्न होताच, आणि जुने निर्बंध हास्यास्पद झालेच होते. एरवीच्या बंद वेळेत शहरापासून पाच मैल लांबून आलेल्या 'प्रवाशा'ला दारू द्यायची मुभा असायची, त्यामुळे रात्री डब्लिनकर मुद्दाम शहराबाहेर जाऊन प्रवासी व्हायचे. हा प्रकारही त्याच कायद्याने संपला. १९६१ चा सेंट पॅट्रिक्स डे ओला उजाडला. आजी तेव्हा एकवीस वर्षांच्या. मी विचारलं, त्या दिवशी काय झालं? "काही नाही. आईने ताट झाकून ठेवलं."

इथवर लिहून मी दोन दिवस थांबले होते, कारण पुढचं आमच्या घरचं आहे. आत्याला फोन करून विचारलं. ती म्हणाली, लिही, आता कोण उरलंय लपवायला. आमचे काका, म्हणजे आत्याचे यजमान, प्यायचे. खूप. लहानपणी मला वाटायचं की दोन ऑक्टोबरला ड्राय डे असतो म्हणजे आत्याला त्या दिवशी सुट्टी असणार. मोठेपणी कळलं की काका एक तारखेलाच बाटली आणून ठेवत. उलट ड्राय डे म्हणून एकाऐवजी दोन. परमिट रूम बंद, त्यामुळे ते दिवसभर घरात, आणि घरात असणं हेच जास्त वाईट. आजींच्या वडिलांचं पिणं पबमधे होतं, पबला कुलूप लागलं की माणूस घरी यायचा. काकांचं पिणं कपाटात होतं. सारखाच कायदा, एका घरात त्याने बाजा वाजला आणि दुसऱ्या घरात... जाऊ दे.

आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं ही कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली, हे शाळेत पाठ केलं होतं. दारूबंदीचं सत्तेचाळिसावं कलम मात्र आपलं स्वतःचं. कायद्याने माणसं शुद्धीवर आणायची आशा दोन्ही देशांना होती, आपण ती अजून सोडलेली नाही. यांनी हळूहळू सोडली. १९९६ साली सरकारनेच सेंट पॅट्रिक्स फेस्टिव्हल सुरू केला, कारण तोवर जगभरात या दिवसाचं जे झालं होतं त्यापुढे डब्लिनचा सण फिका दिसायला लागला होता. गिनेसवाल्यांनी २००९ मधे आर्थर यांच्या नावाने सप्टेंबरात आणखी एक पिण्याचा दिवस काढला. त्यावर मात्र लोकच वैतागले आणि तो २०१३ नंतर झाला नाही. गुड फ्रायडेची बंदी उठली २०१८ साली. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला जाऊन आले तेव्हा आमच्या कोकणातल्या नातेवाइकांनी मला इतके फोटो पाठवले की जणू मीच त्यांना घेऊन गेले होते.

आणि मग २०२०. परेड आठवडाभर आधीच रद्द झाली. पंधरा मार्चच्या संध्याकाळपासून सगळे पब बंद करायला सांगितलं. ऑफिसची मेल त्या वर्षीही फिरली होती, तक्ता तयार होता. सतरा मार्चला रस्त्यावर कुणी नाही, लिफीच्या पुलावर फक्त सीगल. रात्री वराडकर टीव्हीवर बोलले. वयस्कर माणसांना पुढे काही काळ घरातच राहावं लागेल म्हणाले. भाषण संपल्यावर मी मागच्या अंगणात गेले तर भिंतीपलीकडे आजी उभ्या होत्या, कोट घालून, कोटाला शॅमरॉक. "ऐकतेस का," त्या म्हणाल्या. मी कान दिला. काहीच ऐकू येत नव्हतं. "अगदी तसंच आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. सहा फुटांचं अंतर ठेवायचं होतं, विचारायचं राहून गेलं.

यंदाच्या तक्त्यात नाव घालायची मुदत शुक्रवारी संपते. मी 'पाचनंतर येते' असं लिहून टाकलंय. एक वाजता आजींकडे जेवण आहे. बेकन मी खात नाही हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे कोबी वेगळा शिजवणार आहेत. मी बटाट्याच्या काचऱ्या नेणार आहे, तिखट बेताचं घालून.